बाबा गेल्यापासून मी चालतोय

'ताई, माझं वय 44. किसननगरच्या चाळीत वाढलो, आता घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतो. वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. गेल्या भाद्रपदात ते गेले. शेवटचे दोन महिने हॉस्पिटलात रात्रीचा मीच त्यांच्यापाशी असायचो, दिवसा बायको डबा घेऊन यायची. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, मी कामावर रुजू झालो. रडलो नाही. मग पहाटे आपोआप जाग यायला लागली आणि मी बाहेर पडू लागलो. आधी कॉम्प्लेक्सभोवती, मग उपवन, तलावपाळी, कोलशेतची खाडी, येऊर. हल्ली साडेपाचला निघतो, दोन-अडीच तासांनी येतो. तेवढ्या वेळात छातीवरचं ओझं उतरतं. परत आल्यावर भूक लागते, कामात लक्ष लागतं, दहावीतल्या मुलीची गणितं घेता येतात. कौपिनेश्वराला जाऊन बसतो, पण हात जोडावेसे वाटत नाहीत. दिवाळीनंतर एकदा संध्याकाळी येऊरला पायवाट सोडून ओढ्याने वर गेलो, अंधार पडला तेव्हा भानावर आलो. पाड्यावरच्या एका माणसाने रस्त्यापर्यंत आणून सोडलं. घरी हे सांगितलेलं नाही. बायको म्हणते, गेलेल्या माणसामागे हिंडतोस, जिवंत माणसं घरात आहेत. मी पळतोय का? चालणं बंद करू का? आणि करायचं नसेल तर अजून कुठे जाऊ, तेही सांगा. – एक ठाणेकर'

चालणं बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला स्वस्थपणे वाचता येईल.

पळणाऱ्या माणसाला घराचा जिना चढवत नाही. तुम्ही परत येता, जेवता, कामाला जाता, लेकीजवळ वही घेऊन बसता. बाहेर जाऊन आल्यामुळे घरात राहायचं बळ मिळत असेल तर त्याला पळणं म्हणू नये. एका जागेपुरतं मात्र मला तसं म्हणावंसं वाटतं, त्याबद्दल पुढे लिहिते. आणि तुमच्या पत्नीचं म्हणणंही खरं आहे. त्यावर सगळ्यात जास्त लिहायचं आहे, म्हणून ते जरा मागे ठेवते.

'रडलो नाही' एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात. आपल्याकडे बाप गेला की मुलाला रडायला सवड कुठे मिळते? खांदा द्यायचा, मडकं धरायचं, अस्थी, दहावा, कावळा शिवायची वाट बघत उन्हात उभं राहायचं, तेरावा. मधल्या वेळात हॉस्पिटलचं बिल, मृत्यूचा दाखला, बँक. येणारा प्रत्येक जण पाठीवर हात ठेवून तेच सांगतो, 'आता तूच मोठा, खंबीर राहा.' तेराव्याचं गोड जेवून सगळे आपापल्या घरी जातात, आणि खरं दुःख त्यानंतर वर येतं, विचारपूस करायला कोणी उरलेलं नसतं तेव्हा. पहाटेच जाग का येते याचं एक कारण मला दिसतं. दोन महिने वॉर्डात त्याच सुमाराला नर्स येत असणार, ताप-बीपी बघत असणार, तुम्ही स्टुलावरून उठून उभे राहत असणार. शरीराने ती वेळ धरून ठेवली आहे. तेवढा वेळ अंथरुणात कूस बदलत काढण्यापेक्षा तुम्ही रस्त्यावर काढता, हे मला शहाणपणाचं वाटतं.

आता कुठे जायचं. नवीन ठिकाणांची यादी मी देणार नाही. तुम्ही ज्या जागा निवडल्यात त्या उत्तम आहेत. त्याच धरून ठेवा, त्याच वाटांवर बारा महिने जा. रोज नवी जागा शोधली की डोळे तेवढे रमतात. ओळखीची वाट असली की मन मोकळं राहतं, ज्या गोष्टी आठवायच्या त्या आठवत राहतात. फक्त कुठल्या वेळी कुठे, हे बदला.

अंधार असताना जुन्या ठाण्यातच फिरा. चेंदणी कोळीवाड्याकडून यायचं, जांभळी नाक्याला भाजीचे टेम्पो खाली होत असतात तिथून मासुंद्याला, म्हणजे तुमच्या तलावपाळीला, एक फेरी, मग कौपिनेश्वर. तुम्ही लिहिलंय म्हणून स्पष्ट सांगते: हात जोडावेसे वाटत नसतील तर जोडू नका. बसा. महादेव हा स्मशानात राहणारा देव. त्याच्यापुढे येणाऱ्याने दुःख बाहेर चपलांपाशी ठेवून यावं, अशी अट कोणी घातलेली नाही. उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं, साधारण नवव्या ते तेराव्या शतकात. या देवळाचं मूळ तेव्हापासूनचं मानतात. आज दिसतं ते देऊळ पेशवाईतलं, 1760 च्या सुमाराचं. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी ते उभं केलं. म्हणजे मधली काही शतकं इथे राज्यं बदलली, पोर्तुगीज आले आणि गेले, आणि लोकांनी देव पुन्हा उभा केला. त्या दगडी भिंतीला पाठ टेकून किती जण नुसतेच बसून गेले असतील. तुम्ही त्यातले एक.

देवळातून निघालात की तळ्याच्या त्याच परिसरात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, त्याचं मूळ पोर्तुगीज काळातलं. टेंभी नाक्याजवळ बेने इस्राएल या ज्यू समाजाचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, 1879 मधलं, नाव 'शाआर हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचं द्वार. आपल्यातले कित्येक ठाणेकर त्यावरून रोज जातात आणि त्यांना ते माहीत नसतं. कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेली, घरात मराठी बोलणारी ही माणसं. इस्राएल देश झाल्यावर बरेच जण तिकडे गेले, काही घरं इथे राहिली. कुठलं तरी घर सोडून गेलेल्यांची आणि मागे राहिलेल्यांची ही वास्तू आहे, हे लक्षात ठेवून एकदा तिच्यासमोर उभे राहा.

तिथून कोर्ट नाक्याकडे वळलं की जेलची भिंत लागते. मूळचा हा ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी 1730 च्या आसपास बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आतच 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत होते, ते याच किल्ल्यातून 1816 मध्ये निसटले. बाहेर एक मोतद्दार घोड्यांना खरारा करता करता मराठी गाणं म्हणायचा, त्यातूनच त्यांना खुणा कळत गेल्या, पहारेकरी गोऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, अशी गोष्ट सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. पण त्याच भिंतीच्या आत 19 एप्रिल 1910 ला नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेरे 18 वर्षांचे होते. त्यांचे देहसुद्धा घरच्यांना दिले नाहीत. मी तुमच्या दुःखाची कोणाच्या दुःखाशी तुलना करत नाही, तशी करायचीच नसते. एवढंच म्हणते की घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळं नवं आहे. क्लब हाऊस आहे, जिम आहे, पण गेलेल्या माणसाची आठवण घेऊन टेकावं अशी जागा नाही. जुन्या पेठेतल्या गल्ल्यांतून चार-पाच पिढ्यांची तिरडी निघालेली आहे. तिथे चालताना तुम्ही एकटे नसता, आणि कोणी तुम्हाला 'सावरा आता' असंही म्हणत नाही. या गावाचा इतिहास वाचावासा वाटला तर मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच, 1893 पासून उभं आहे.

येऊरच्या बाबतीत मात्र मी रागावणार आहे.

अंधारात, एकट्याने, पायवाट सोडून, घरी न सांगता. यातली एकही गोष्ट पुन्हा व्हायला नको. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू, आपल्या सोयीची बाग नव्हे. शंभर चौरस किलोमीटरच्या थोडंसं वर एवढंच ते जंगल आणि चहूबाजूंनी आपण. आपण कचरा टाकतो, कचऱ्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तो पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा फिरतो. उभ्या माणसाला तो सहसा टाळतो, पण अंधारात बुटाची नाडी बांधायला खाली वाकलेला माणूस त्याला माणूस वाटेलच असं नाही. शिवाय आता पाऊस तोंडावर आहे. डोंगरात वर सर पडली की खाली कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याला बघता बघता पाणी येतं. धबधब्याखाली माणसं दर पावसाळ्यात जातात आणि त्यातली काही परत येत नाहीत. तुमच्या घराने आत्ताच एक माणूस घालवला आहे. तेव्हा येऊरला जायचं ते चांगलं उजाडल्यावर, सुट्टीच्या दिवशी, सोबत घेऊन. फाटकावर वनखात्याची माणसं सांगतील तेवढ्याच वाटेने, ओढ्यात उतरायचं नाही. आणि ज्या माणसाने तुम्हाला रस्त्याला लावलं त्याला पुन्हा भेटलात का? पत्रात तसं काही नाही. आधी त्याला भेटून या. त्याच्या पाड्याचं नाव विचारा, त्याचं नाव विचारा. पाटोणापाडा, जांभूळपाडा ही माणसांची गावं आहेत, आपण तिथे पाहुणे.

एवढं पाळलंत तर येऊरसारखी जागा नाही. माघ-फाल्गुनात काटेसावर पान न् पान टाकून लालभडक फुलते, पाठोपाठ पळस. चैत्राच्या सुमाराला कोशिंबाला पालवी येते ती हिरवी नसतेच, लाल असते, लांबून फुलंच वाटतात. आत्ता करवंदं संपत आलीत. आणि पहिला पाऊस झाला की नवरंग येतो. पाठ हिरवी, शेपटीखाली लाल, पंखाला निळा डाग, पानगळीत खाली खुरडत किडे शोधणारा छोटा पक्षी. तो दिसेपर्यंत थांबू नका, सकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐका. एकदा ओळखीची झाली की दर ज्येष्ठात तुम्ही तिची वाट बघाल. पुढे श्रावणात-भाद्रपदात नीलवंत दिसेल, तळहाताहून मोठं काळं-निळं फुलपाखरू. 2015 पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे.

कारवीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ती तुम्ही रोज बघत असूनही बघितली नसेल. उतारावर खरखरीत पानांची झुडपं दाट माजलेली असतात, तीच. पाड्यावर एखादं जुनं घर उरलं असेल तर घरच्यांना विचारून त्याची भिंत जवळून बघा. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, बांधून, वरून शेणमातीने लिंपलेल्या असतात. कोपऱ्यात लिंपण पडलं असेल तिथे काठीची पेरं दिसतात, मातीत राहिलेले बोटांचे वळही दिसतात. ही कारवी सात वर्षं नुसतीच वाढते आणि आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा होतो. 2008 ला झाला, 2016 ला झाला, 2024 ला झाला. फुलून बी पडलं की ते झुडूप मरतं. पुढच्या पावसात त्याच जागी रोपं उगवतात. आता तुम्ही बघताय ती सगळी पोरं आहेत. यांचा फुलोरा 2032 च्या सुमाराला. तुमची लेक तेव्हा कॉलेज करून बाहेर पडलेली असेल. तिला आत्ताच सांगून ठेवा की तेव्हा आपण बघायला यायचं.

कोलशेतच्या खाडीवर तुम्ही जाता ते चांगलंच, पण ओहोटी बघून जा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब तुम्हाला ठाऊक असेल. तिथीला पाऊणने गुणायचं, येतील तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत इतक्या आत ती आणखी जरा उशिरा पोचते. ओहोटीला तिवरांची मुळं उघडी पडतात, चिखलातून पेन्सिलीएवढी हजारो टोकं वर आलेली असतात. त्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. तिवराचं एक पान हातात घेऊन उन्हाकडे तिरकं धरा, त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात. खारं पाणी पिऊन नकोसं मीठ ते पानातून बाहेर टाकतं. बोट फिरवून जिभेला लावून बघा. आणि चिखलावर निवट्या. मासा असून परांवर रेटत चालतो, डोळे डोक्यावर, जरा पाऊल वाजलं की बिळात. याच्याकडे बघत अर्धा तास कसा गेला कळत नाही. घरापासून जवळ म्हणून घोडबंदरचा किल्लाही एकदा करा. पोर्तुगीजांचा, मराठ्यांनी 1737 च्या मोहिमेत घेतलेला, वरून खाडीचं वळण दिसतं. पण तो सहकुटुंब जायचा.

आता तुमच्या पत्नीबद्दल.

पत्रात त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी आहेत. त्या दिवसा डबा घेऊन हॉस्पिटलात यायच्या, आणि आता त्या चिडतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्यात का? सासरा जातो तेव्हा लोक मुलाला भेटायला येतात. सुनेला चहा ठेवायला सांगतात. तुमच्या वडिलांचं पथ्य, औषधं, त्यांची न आवडणारी भाजी, हे सगळं त्यांनी सांभाळलं असणार, मग दोन महिने घर आणि हॉस्पिटल अशा खेपा घातल्या. त्या घरात एक माणूस कमी झाला तो त्यांच्याही रोजच्या दिवसातून कमी झाला. दुपारचा चहा आता एकटीचाच. त्यांना कोणी विचारलं का, तुला कसं वाटतंय? तुम्ही विचारलंत? पहाटे तुम्ही दार ओढून घेता तो आवाज त्या अंथरुणात ऐकत असतील. 'जिवंत माणसं घरात आहेत' हे त्या स्वतःबद्दल म्हणतायत. तुमचं चालणं त्यांना खुपत असेल असं मला वाटत नाही, तुम्ही येऊन काहीच सांगत नाही हे खुपतं.

म्हणून आधी येऊरची ती संध्याकाळ त्यांना सांगा. ऐकून त्या घाबरतील, बोलतील. बोलू द्या. त्यानंतर रोज निघताना कुठे जातोय ते सांगून जा आणि आल्यावर काय दिसलं ते एखाद्या वाक्यात सांगा. 'आज तळ्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते.' एवढंसुद्धा पुरतं. फोन खिशात चालू ठेवा, आठच्या पुढे उशीर होणार असेल तर कळवा. पहाटेचं चालणं तुमचं एकट्याचं राहू द्या, त्यात कोणाला ओढू नका आणि त्याबद्दल अपराधीही वाटून घेऊ नका. पण रविवार घराचा.

आणि एक काम करा. सध्या, पावसाच्या तोंडावर, आदिवासी बायका बाजारात शेवळं घेऊन बसतात. जांभळी नाक्यावरून येताना दोन जुड्या घ्या, सोबत त्या देतील ती काकडंही घ्या, त्याशिवाय घशाला खाज सुटते. आणि ती निवडायला स्वतः बसा. हाताला तेल लावून, खाजरा भाग काढून, बारीक चिरून. वेळखाऊ काम आहे, एकट्या बाईवर टाकायचं नाही. दोघं समोरासमोर बसलात, हात कामात आणि नजर खाली असली की जे बोलायचं राहिलंय ते बोलता येतं. पुरुषमाणसाला तर जास्तच. 'बाबांना शेवळं आवडायची का गं?' इथूनही सुरुवात होईल. पुढे पावसात टाकळा, फोडशी, कंटोळी येतील, तेव्हाही हेच करा.

हिवाळ्यात तिघं मिळून ऐरोलीला जा. तिथल्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळा बघून बोट सोडतात. ठाणे खाडीचा तो भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत फ्लेमिंगो असतात. पिल्लू जन्मतं तेव्हा करड्या रंगाचं असतं, शेवाळ आणि कोळंबीसारखे बारीक जीव खात मोठं होतं तसा गुलाबी रंग चढतो. लेक दहावीत आहे म्हणून तिला घरी ठेवू नका. तिचेही आजोबा गेलेत, आणि तिला तर सगळ्यांनी अभ्यासाला बसवलंय.

मघाशी मी एका जागेबद्दल म्हणाले होते. तुमच्या पत्रात उपवन आहे, तलावपाळी आहे, कोलशेत आहे, येऊर आहे. किसननगर आणि वागळे इस्टेट फक्त पहिल्या ओळींत येतात, पत्त्यासारखे. तुम्ही इतकं ठाणं पायाखाली घातलंत आणि जिथे वडिलांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली तिथे पाऊल टाकलेलं दिसत नाही. का, ते मला समजतं. तिथे देव नाही, झाडी नाही, आडोसा नाही, तिथे फक्त बाबाच आहेत. घाई नाही. पण भाद्रपदात वर्षश्राद्ध येईल, त्याच्या आत एकदा जा, आणि ही फेरी एकट्याने करू नका, बायको-मुलीला घेऊन करा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झालं, त्याची पहिली वसाहत ही वागळे इस्टेट. किती गावांतली मुलं इथे लेथवर उभी राहिली, त्यांनी चाळीत खोल्या घेतल्या, गावाकडे मनीऑर्डरी पाठवल्या. किल्ला आणि देऊळ हा जसा ठाण्याचा इतिहास आहे तसाच हाही आहे. बऱ्याच कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. तुमच्या वडिलांच्या कंपनीचं फाटक कदाचित उरलं नसेल. तरी लेकीला दाखवा, इथून आजोबा सुटायचे, इथून डबा हलवत यायचे, ही आमची चाळ, या नळावर रांग लागायची. तिथून वर बघितलंत तर मामा-भाच्याचा डोंगर दिसतो, लहानपणी तो तुमच्या खिडकीत असेल. बोलता बोलता तिथे रडू आलं तर येऊ द्या. मुलीसमोर आलं तरी चालेल, बापाला बापाची आठवण येते हे तिला कळू दे.

एक गंभीर गोष्ट. चालून आल्यावरही ओझं उतरेनासं झालं, झोप अजिबात लागेना, जेवण तुटलं, दारू वाढली, किंवा जगून काय करायचं असा विचार डोकावायला लागला, तर एकट्याने रेटू नका. सरकारची टेलीमानस ही हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांना भेटायची वेळ आली तर लाज बाळगू नका. 1901 पासून मनोरुग्णालय असलेलं आपलं हे शहर, आणि 'ठाण्याला पाठवा' ही शिवी म्हणून वापरतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथे जाऊन कित्येक जण बरे होऊन घरी आले आहेत.

बुटांचं तेवढं बघा. तुम्ही चपला घालून जात असाल तर आता पावसात चालणार नाही, चांगली पकड असलेले बूट घ्या, येऊरसाठी पूर्ण पँट आणि पाण्याची बाटली. आणि हे उत्तर पत्नीला वाचायला द्या. त्यांना माझं काही पटलं नाही, किंवा त्यांना स्वतःला काही लिहावंसं वाटलं, तर त्यांनी जरूर लिहावं. त्यांच्या पत्राची मी वाट बघेन.